पॉयझन आयव्ही, बिब्बा आणि शेजारच्या आजोबांचं सँडविच

परसदार | १९ मे, रात्री ९:४०

मंडळी, न्यू जर्सीत मे महिना म्हणजे अंगणाची कामं. मागच्या कुंपणावर एक वेल चढलेली. पानगळीत छान लालभडक होते म्हणून मीच तीन वर्षं ती राहू दिली होती. गेल्या शनिवारी कुंपण रंगवायचं ठरलं आणि ती ओढून काढली. मी कापडी हातमोजे घालून आणि आई (एप्रिलमध्ये राजापूरहून आली आहे) उघड्या हातांनी, पदर खोचून. "मोजे घालून कसलं रान निघतंय" हे वर.

सोमवारी सकाळी माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत रेघोट्या उठल्या, कोणी तापलेली सळई ओढावी तशा. संध्याकाळपर्यंत त्या रेघांवर पाण्याचे फोड. रात्री झोप नाही. ती पॉयझन आयव्ही होती हे तेव्हा कळलं. आई मात्र ठणठणीत!

आता खरा प्रश्न. शेजारी ऐंशी ओलांडलेले एक आजोबा राहतात, पेनसिल्व्हेनियात शेतावर वाढलेले. माझा हात बघून म्हणाले, लहानपणी दर वसंतात वडील आम्हाला या वेलीचं कोवळं पान पावात लोणी लावून खायला घालायचे. पहिल्या दिवशी नखाएवढं, मग वाढवत वाढवत तीन आठवडे. "मला जन्मात कधी उठलं नाही." शिवाय त्यांची आत्या म्हणे हा पाला खाणाऱ्या शेळीचं दूध मुलांना पाजायची.

तर जाणकारांनी सांगा: १) असं खाऊन ही वेल अंगवळणी पडते का? २) आईला काही झालं नाही ते जन्मभर आंब्याचा चीक आणि काजूचं तेल अंगावर घेतल्यामुळे का? आईचं ठाम मत आहे की हो, त्यामुळेच.

---

रानभुली | १९ मे, रात्री १०:१५

आधी एक कळकळीची विनंती, प्रयोग म्हणून पान तोंडात घालू नका. उत्तर नंतर जाणकार देतीलच.

मी व्हर्जिनियात दर रविवारी डोंगरात असते. इथे पोरांना पहिला धडा म्हणजे "तीन पानं दिसली की लांब राहा". आपल्याकडे पळसाला पाने तीनच असतात आणि शंकराला बेलही तीन पानांचाच लागतो, त्यामुळे आपला हात त्रिदलाकडे भक्तिभावानेच जातो. ओळख अशी: मधल्या पानाचा देठ लांब, बाजूची दोन जवळजवळ देठाविना. जुन्या वेलीच्या खोडावर तपकिरी केसाळ मुळं, दूरून सुरवंट चढल्यासारखी. हिवाळ्यात पानं झडली तरी खोडाला हात लावू नका. आणि उपटलेली वेल जाळायची तर अजिबात नाही. धूर छातीत गेला तर इस्पितळ गाठावं लागतं.

उपटलेल्या ढिगाचं काय केलंत?

---

परसदार | १९ मे, रात्री १०:२२

अजून तिथेच आहे. उद्या शेकोटी करणार होतो. 😬 वाचवलंत.

---

तुरीच्या शेंगा | २० मे, सकाळी ८:०५

धागा वाचून मला वाशीमची आजी आठवली. आमच्याकडे याच घराण्यातला बिब्बा घरोघरी. आजी बिबा सुईला टोचून दिव्यावर धरायची, की त्यातून काळं तेल ठिबकायचं. टाचेच्या भेगेत, काटा मोडला तिथे, मुरगळलेल्या घोट्यावर. खोकल्याला दुधात एक थेंब. पण आम्हाला डबीला हात लावायची बंदी. "हात नको लावू वं पोरी, उतते."

ज्याला उततो (म्हणजे अंगावर फोड उठतात) त्याला उततो. माझ्या चुलतभावाने एकदा बिब्ब्याने पाटीवर नाव काढलं (रंग जात नाही ना, परीट कपड्यांवर खुणा करायचे ते याच्यानेच), आणि तोच हात तोंडावरून फिरवला. दोन दिवसांनी डोळे उघडेनात, कान वांग्यासारखे. आजीने ओलं खोबरं वाटून थापलं, वर कोथिंबिरीचा रस. बरा व्हायला तीन आठवडे लागले आणि त्यानंतर तो बिब्ब्याच्या झाडाखालून जायलाही घाबरायचा.

परसदार, तुम्ही लिहिलेल्या रेघोट्या वाचल्यावर मी पैजेवर सांगेन की ही बिब्ब्याची अमेरिकेतली बहीण आहे.

राहता राहिली सवयीची गोष्ट. गोडंबी (बिब्ब्याच्या बीचा गर) बाजारात पांढरीशुभ्र मिळते आणि आपण लाडवात घालतो. ती काढायला बिबे फोडणाऱ्या बायकांचे हात जवळून बघितलेत का कोणी? बोटं काळी, नखांच्या कडा खाल्लेल्या, कातडी सोलवटलेली. राख लावतात, तेल लावतात, तरी. वीस-वीस वर्षं फोडणाऱ्या बायकांचं हे आहे. सवयीने अंगवळणी पडत असतं तर सगळ्यात आधी त्यांना पडलं असतं.

---

खाजगी सल्ला | २० मे, दुपारी १:३०

(हो, सदस्यनाम मुद्दाम तसंच आहे. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे.)

तुरीच्या शेंगा यांची पैज जिंकली. पॉयझन आयव्ही, बिब्बा, काजू, आंबा हे सगळं एकच कुळ. आयव्हीच्या चिकात उरुशिऑल नावाचं तेलकट द्रव्य असतं. बिब्ब्यात, काजूच्या टरफलात आणि आंब्याच्या चिकात त्याची सख्खी-चुलत भावंडं. हवा लागली की आयव्हीचा चीकही काळा पडतो, बिब्ब्यासारखाच. शंका असेल तर पान पांढऱ्या कागदात धरून दगडाने ठेचतात. थोड्या वेळाने डाग काळा झाला तर तीच. (हाताने नाही!)

उरुशिऑल हे तिखट-आम्लासारखं भाजणारं विष नव्हे. ते कातडीत मुरून तिथल्या प्रथिनांना चिकटतं, आणि आपल्याच पांढऱ्या पेशी त्या कातडीला परकी समजून तिच्यावर तुटून पडतात. म्हणून पुरळ लगेच न उठता दीड-दोन दिवसांनी उठतं. आणि म्हणूनच "प्रतिकारशक्ती वाढवायची" हा शब्दच इथे उलटा आहे. इथे प्रतिकार जास्त झाला म्हणून तर फोड आलेत! हवी असते ती सहनशीलता, आणि ती वेगळी भानगड आहे.

पान खाण्याबद्दल. कल्पना अगदीच खुळचट नाही, म्हणूनच ती टिकली. विसाव्या शतकात अमेरिकेत याचे अर्क टोचून आणि पाजून भरपूर प्रयोग झाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात डॉ. विल्यम एपस्टाइन यांनी तर त्यावर उमेदीची वर्षं घालवली. मोजून-मापून, महिनोन्महिने वाढती मात्रा दिली तर काहींची संवेदनशीलता थोडी उतरायची, पण थांबवलं की काही महिन्यांत मूळपदावर. आणि मधल्या काळात अंगभर पुरळ आणि, माफ करा, गुदद्वाराशी भयंकर खाज, कारण न पचलेलं उरुशिऑल शेवटी बाहेर तिथूनच पडणार. १९८७ साली खोट्या गोळीशी तुलना करून झालेल्या चाचणीत फायदा दिसलाच नाही. १९९० च्या दशकात हे अर्क बाजारातून गेले.

हे झालं प्रयोगशाळेत मोजलेल्या थेंबांचं. एका पानात किती उरुशिऑल आहे हे आजोबांच्या वडिलांना ठाऊक असणं शक्य नव्हतं. संवेदनशील माणसाला काही मायक्रोग्रॅम पुरतात. तोंडात फोड, घशाला सूज, आतड्यांची आग, सगळं होऊ शकतं. खाजवून खरूज काढणं म्हणतात ते हेच.

प्रश्न २ चं उत्तर रात्री, दवाखाना उघडायचाय.

---

साबुदाणा गोळी | २० मे, दुपारी २:१०

ॲलोपॅथीवाल्यांना शेवटी मान्य करावंच लागेल. काट्याने काटा काढायचा हे आमच्या होमिओपॅथीचं तत्त्वच. रस टॉक्स कशापासून करतात माहीत आहे का? याच वेलीपासून! ३० किंवा २००, वसंताच्या आधी पंधरा दिवस. माझ्या मेहुण्याला डॅलसमध्ये गेली चार वर्षं उठलेलं नाही.

---

रानभुली | २० मे, दुपारी २:२५

मेहुणे गेली चार वर्षं अंगणात गेलेत का? (कृपया हलके घ्या.)

---

खाजगी सल्ला | २० मे, दुपारी २:४०

रस टॉक्स या वेलीपासून करतात हे अगदी खरं. पण ३० म्हणजे शंभराला एक असं तीस वेळा पातळ केलेलं, म्हणजे एकावर साठ शून्यांत एक भाग. त्यात पानाचा रेणू सापडणं शक्य नाही. त्यामुळे अपाय नाही आणि सहनशीलताही नाही. अपाय मूळ अर्कात आहे, तो कोणी घरी करायला जाऊ नये.

---

साबुदाणा गोळी | २० मे, दुपारी २:५५

अनुभव हाच पुरावा. बाकी ज्याची त्याची श्रद्धा.

---

व्यवस्थापक | २० मे, दुपारी ३:१०

होमिओपॅथीवर अडीचशे प्रतिसादांचा वेगळा धागा आहे. तिकडे जावे. इथे बिब्बा घालू नये. (विषयाला धरूनच म्हणतोय.)

---

चहाटळ | २० मे, दुपारी ३:१२

हसून हसून पुरेवाट 😂 व्यवस्थापकांना दंडवत.

---

कांदेपोहे तोक्यो | २० मे, सायं. ६:००

'उरुशिऑल' हे नाव जपानी 'उरुशी'वरून आलंय, उरुशी म्हणजे लाखेचं झाड आणि त्याचा चीक. ते चकचकीत काळे-तांबडे वाडगे दिसतात ना, त्यावर हाच चीक थर देऊन वाळवतात. वाळवतात म्हणजे उन्हात नाही, दमट कपाटात. ओल मिळाली की तो घट्ट होतो.

मी दोन वर्षांपूर्वी किन्त्सुगी शिकले, फुटलेली भांडी उरुशीने सांधून वर सोन्याची पूड. पहिल्याच आठवड्यात मनगटाच्या आतल्या बाजूला पुरळ. आमच्या ७४ वर्षांच्या सेन्सेई (शिक्षिका) उघड्या हातांनी काम करतात. विचारलं तर म्हणाल्या, पहिली दोन वर्षं मी पण रडले. लाखकाम शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पॅच टेस्ट (कातडीला लावून बघायची चाचणी) घेऊन जपानी डॉक्टरांनी अभ्यासही केलाय. सुरुवातीला बहुतेकांना उठतं, रोज काम करत राहिलं की हळूहळू कमी होतं. सगळ्यांचंच होतं असं मात्र नाही. आमच्या वर्गातल्या दोघी सोडून गेल्या.

एक कामाची युक्ती: हाताला उरुशी लागली तर सेन्सेई आधी खाद्यतेलाने पुसायला लावतात, लगेच दुसऱ्या कागदाने ते तेल टिपायचं, मग साबण. नुसत्या पाण्याने पसरते.

---

तुरीच्या शेंगा | २० मे, सायं. ६:३०

आजी बिब्बा हाताळायच्या आधी हाताला तीळतेल चोळायची! आता संगती लागली.

---

देवगडचा नव्हे | २० मे, रात्री ८:१५

(रत्नागिरीचा. वाद नको.)

परसदार, आईंच्या बाजूने एक मत. आमच्या बागेत आंबे उतरवताना देठ मोडला की चिकाची पिचकारी उडते. गड्यांच्या हातांवर काळे डाग असतात, पण उततं क्वचितच कोणाला. आता नूतन झेल्याने (आंबे उतरवायची पातं-जाळीची काठी) देठासकट काढतात (अर्थात तो खटाटोप फळाला डाग पडू नये म्हणून, गड्याच्या कातडीची काळजी कोणाला). मुंबईहून मे महिन्यात येणारी भाचरं मात्र दरवर्षी ओठांभोवती फोड घेऊन परत जातात. चोखायच्या आधी देठाकडचा चीक पिळून टाका म्हणून कितीदा सांगायचं.

म्हणजे लहानपणापासून चीक पोटात जाणं आणि मोठेपणी कातडीला लागणं यात फरक असावा असं आपलं माझं अडाणी मत.

---

खाजगी सल्ला | २० मे, रात्री १०:५०

अडाणी कसलं! हेच मत इस्रायलच्या डॉक्टरांनी २००५ साली मांडलंय. तिथे आंबे तोडायला अमेरिकन तरुण आले होते. त्यांच्यातल्या अनेकांच्या अंगावर आंब्याच्या चिकाने पुरळ उठलं, आणि शेजारी तेच काम करणाऱ्या इस्रायली मुलांना काही नाही. अमेरिकन मुलं पॉयझन आयव्हीच्या मुलखात वाढलेली, कातडी आधीच चिडलेली. इस्रायली मुलं लहानपणापासून आंबा खात आलेली. तोंडावाटे आधी ओळख झाली की शरीर 'आपलं' म्हणून सोडून देतं, असा त्यांचा तर्क. तर्कच, सिद्धान्त नव्हे. पण आजोबांच्या सँडविचमध्ये जर काही तथ्य असेल तर ते एवढंच: कातडीची ओळख व्हायच्या आधी पोटाची व्हायला हवी. परसदार, तुमची कातडी आता चांगलीच ओळखते. तुमच्यासाठी ती गाडी सुटली.

उलट्या दिशेचा किस्सा: १९८२ साली पेनसिल्व्हेनियात मुलांच्या बेसबॉल संघाने निधीसाठी काजूच्या पिशव्या विकल्या. काजूत टरफलाचे तुकडे राहिले होते. खाणाऱ्यांपैकी पन्नासहून अधिक जणांच्या अंगावर आयव्हीसारखं पुरळ उठलं. वेलीला हातही न लावता.

आणि परसदार, मुद्दाम सांगते. आईकडे लक्ष ठेवा. पहिल्यांदाच संपर्क आलेल्या माणसाला दोन दिवसांत काही होत नाही. शरीराला ओळख पटायला आठवडा ते तीन आठवडे लागतात. "मला कधी होत नाही" म्हणणारे बरेच लोक अजून पहिल्या फेरीत असतात. तुम्ही स्वतः तीन वर्षं ती वेल ठेवली, छाटलीही असेल. तेव्हा काही झालं होतं?

---

परसदार | २० मे, रात्री ११:३०

गेल्या वर्षी छाटली होती. काही झालं नव्हतं. 🤦

आईला वाचून दाखवलं. "मला काय व्हायचंय" म्हणाली आणि उसळीला फोडणी घालायला गेली.

---

बकुळफुला | २१ मे, सकाळी ७:२०

शेळीच्या दुधाचं कोणी बोललंच नाही. कॅलिफोर्नियात आयव्हीची बहीण पॉयझन ओक माजते, आणि ती खायला शेळ्या सोडतात. शेळीला काही होत नाही. मग दुधातून आपल्यालाही 'लस' मिळेल ही कल्पना तिथेही आहे. १९९२ मध्ये तिथल्या संशोधकांनी दुभत्या शेळ्यांना तोच पाला चारून दूध तपासलं. दुधात उरुशिऑल उतरलंच नव्हतं. म्हणजे दूध निर्धोक, आणि औषध म्हणून बिनकामाचं.

जाता जाता, इथे याच्या पुरळावर 'ज्युएलवीड' चोळतात, ओढ्याकाठी उगवणारी, पाणीदार देठाची, नारिंगी फुलांची. ती म्हणजे आपल्या तेरड्याची जंगली बहीण! शेंगेला हात लावला की तशीच फटकन फुटते. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा गौरीच्या आठवणीने गलबलले. तिच्यावर दोन-तीन चाचण्या झाल्यात. काढा-अर्काने काही होत नाही. ताजा चेंदा लगेच चोळला तर थोडा उपयोग दिसला, पण साबणाने त्याहून जास्त. तिच्यात फेस करणारं द्रव्य आहे, म्हणजे तीही एक प्रकारचा साबणच.

---

खाजगी सल्ला | २१ मे, सकाळी ९:००

सहमत. साबण आणि घड्याळ, एवढंच. लागल्यापासून दहा मिनिटांत धुतलं तर निम्मं निघतं, अर्ध्या तासाने जेमतेम दहावा हिस्सा. फडक्याने खसखसून घासा, ग्रीस काढतो तसं. कापडी मोजे तेल शोषतात आणि दिवसभर मनगटाला चोळत राहतात, लेटेक्समधून ते आरपार जातं, व्हिनाइलचे घाला. कपडे, विळा, कात्री, बुटाच्या नाड्या सगळं धुवा. तेल वाळून महिनोन्महिने टिकतं. फोडातल्या पाण्याने मात्र पसरत नाही, त्यामुळे तुमच्या जेवणाच्या ताटाला घरच्यांनी घाबरू नये.

लस म्हणाल तर मिसिसिपी विद्यापीठात डॉ. महमूद एलसोहली यांच्या गटाने टोचता येईल असा रेणू तयार केलाय. बाजारात नाही.

---

परसदार | २४ मे, दुपारी १२:१०

आजोबांना आज मुद्दाम विचारलं, भावंडं किती? पाच. सगळ्यांना सँडविच? हो. सगळ्यांना चाललं? जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, धाकट्याचे ओठ इतके सुजले की आठवडाभर तो नळीने सूप प्यायला. त्या वर्षानंतर आईने वडिलांना पान आणूच दिलं नाही. म्हणजे एकूण दोनच वसंत. आणि मधल्या बहिणीला पुढे मोठेपणी दरवर्षी उठायचं.

ही बाकीची गोष्ट ते कधी सांगत नाहीत. कोणी विचारत नाही म्हणून, म्हणाले.

---

चहाटळ | २४ मे, दुपारी १२:३०

पाचात एक बरा निघाला आणि नेमका तोच तुमच्या शेजारी राहायला आला.

---

परसदार | २८ मे, रात्री १०:०५

खाजगी सल्ला, तुमचं तोंड गोड करायला हवं. शनिवारी रात्री आईने गळ्याशी खाजवायला सुरुवात केली. बरोबर तुम्ही सांगितलेल्या मुदतीत. सोमवारी दोन्ही हात, गळा आणि डावा डोळा बंद. पदराने घाम पुसला होता ना. राजापूरचे सगळे आंबे फुकट गेले.

डॉक्टरांनी पोटात घ्यायला स्टिरॉइड दिलंय, जवळजवळ तीन आठवडे, हळूहळू उतरवत. मध्येच थांबवलं तर पुन्हा उसळतं म्हणाले. आई गोळ्या घेते आणि वर खोबरेल लावते. आज जरा डोळा उघडला तर म्हणते, "हा बिब्बाच. मला तेव्हाच सांगितलं असतंस तर हात लावला असता का?"

---

तुरीच्या शेंगा | २८ मे, रात्री १०:३०

काकूंना सांगा, लवकर बऱ्या व्हा. आणि ती साडी वेगळी धुवा, गरम पाण्यात.

---

देवगडचा नव्हे | २८ मे, रात्री ११:००

माझं मत मागे घेतो. मुंबईच्या भाच्यांची माफी मागणार नाही.

---

परसदार | १४ जून, सकाळी १०:२०

आई बरी आहे. हातांवर काळपट डाग आहेत, ते जातील म्हणतात. कुंपणाच्या मुळाशी मात्र नवे लालसर कोंब आलेत, तीन-तीन पानांचे. फवारणी नको असं घरात ठरलं. आता कळलं की इथे हा पाला खायला शेळ्या भाड्याने मिळतात, दिवसाच्या हिशोबाने. आईला बकुळफुला यांचा १९९२ चा अभ्यास वाचून दाखवला.

"दुधात उतरत नाही ना? मग दुभत्या मागव. चहा तरी होईल."